चोराच्या हाती किल्ल्या : इजिप्तच्या पाताळातले कोल्हे, मगरी आणि माकडं

वाळूचं_घड्याळ (धागाकर्ता)

पिरॅमिडच्या धाग्यावर कोणीतरी अनुबिसचा, म्हणजे इजिप्तच्या कोल्ह्याच्या डोक्याच्या देवाचा, फोटो डकवला आणि चर्चेची गाडी रुळावरून घसरली. ‘जनावरांपुढे लोटांगण घालणारे लोक’ असा एक शेराही पडला. त्याला तिथेच उत्तर देत बसलो असतो तर मूळ धाग्याचा विचका झाला असता, म्हणून ही वेगळी चूल.

हा कोल्हा देवळात शिरला कसा, ते आधी बघू. नाईलच्या खोऱ्यात काळी कसदार जमीन म्हणजे नदीलगतची चिंचोळी पट्टी. ती संपली की एका पावलात वाळवंट. पिकाऊ जमीन मढी पुरण्यात कोण घालवणार? त्यामुळे प्रेतं वाळवंटाच्या कडेला, उथळ खड्ड्यांत पुरायची. रात्री तिथे कोल्हे यायचे आणि खड्डे उकरायचे. देह शाबूत राहिला नाही तर मेलेल्याला पुढचं आयुष्य नाही, ही तर त्या लोकांची ठाम समजूत. म्हणजे कोल्ह्यासारखा दुसरा वैरी नाही. आणि त्यांनी काय केलं, तर त्याच कोल्ह्याला स्मशानाचा राखणदार नेमून टाकलं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, हे आपल्याकडे वेडेपणाचं लक्षण. इजिप्तने त्यावर तीन हजार वर्षं धर्म चालवला. अनुबिसचा उगम असाच असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं, कारण ही युक्ती एकदा ध्यानात आली की मग जिथे तिथे तीच दिसायला लागते.

नाग चावतो, म्हणून नागीण फेरोच्या कपाळावर, शत्रूवर आग ओकायला. पाणघोडा होड्या उलटवतो, शेतं तुडवतो. त्याची मादी तावेरेत ही बाळंतिणींची पाठराखीण. सेखमेत ही सिंहीण रोगराई धाडते, आणि तिचेच पुजारी वैद्यकी करतात. मगर नदीकाठची माणसं ओढून नेते. फायूममध्ये सोबेक या मगरदेवाचं मोठं ठाणं होतं. तिथल्या पाळीव देवमगरीचा जबडा काही पुजारी कसे उघडतात आणि दुसरा एक तिला पोळी, भाजलेलं मांस आणि वर मध घातलेलं पेय कसं भरवतो, हे स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने स्वतः पाहून लिहून ठेवलंय. भक्त येताना खाऊ आणायचे. मगरीने तो पोटभर खाल्ला तर काठावरचे निर्धास्त!

आता त्या डोक्यांबद्दल. लेखनाचा देव थॉथ कधी आयबिस पक्षी, कधी बबून माकड. हथोर देवी कधी गाय, कधी बाई, कधी गायीचे कान असलेली बाई. सूर्यदेव रा दिवसा ससाण्याच्या डोक्याचा, रात्री पाताळात मेंढ्याच्या डोक्याचा आणि पहाटे चक्क शेणकिडा. देव एक आणि डोकी तीन, तर ते डोकं म्हणजे देवाचं तोंड समजायचं कारण नाही. देव त्या वेळी कोणतं काम करतोय, हे ते डोकं सांगतं.

अनुबिसच्या कामाची यादी मोठी आहे. ओसायरिस, म्हणजे खून होऊन पाताळाचा राजा झालेला देव, त्याचा देह अनुबिसने गुंडाळला, तीच पहिली ममी. तेव्हापासून प्रेताला क्षार लावून सुकवायचं, तेलं चोळायची, पट्ट्या बांधायच्या, हे खातं त्याच्याकडे. त्याचा रंग काळा, खऱ्या कोल्ह्याचा तसा नसतो. काळा हा सुकवलेल्या प्रेताचा रंग आणि नाईलच्या गाळाचाही. जर्मनीत हिल्डेसहाइमच्या संग्रहालयात भाजल्या मातीचा एक अनुबिसचा मुखवटा आहे, सुमारे 8 किलोंचा, माणसाच्या खांद्यावर बसेल असा. नाकाडाखाली बघायला दोन भोकं. डेंडेराच्या देवळात एका कोरीव चित्रात असा मुखवटा घातलेला पुजारी दिसतो आणि त्याला दुसरा एक पुजारी धरून नेतोय. साहजिक आहे, त्या दोन भोकांतून समोरचं काय दिसणार!

पण अनुबिस खरा बघावा तो तराजूपाशी. हुनेफर नावाचा फेरो सेती पहिल्याच्या पदरचा लेखनिक होता. इ.स.पू. 1275च्या सुमाराचा त्याचा पपायरस (लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी) आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. डावीकडे पांढऱ्या वस्त्रातला हुनेफर, अनुबिसने त्याचा हात धरलाय. जरा पुढे तोच अनुबिस गुडघ्यावर बसून तराजूचा ओळंबा नीट करतोय. एका पारड्यात हुनेफरचं काळीज, दुसऱ्यात सत्याची देवी माआत हिचं पीस. आयबिसच्या डोक्याचा थॉथ बोरू घेऊन निकाल टिपतोय. आणि तराजूपाशी टपून बसलेली अम्मित: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. माणसाचा जीव घेणारी तिथली तीन जनावरं एकत्र शिवली की अम्मित. काळीज जड निघालं तर ते तिच्या घशात, आणि मग त्या माणसाचा कायमचा निकाल. गंमत म्हणजे पारडी सारखी भरायला हवीत. काळीज पिसाहून हलकं असायला पाहिजे असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं, ते चित्रात कुठे दिसत नाही.

त्याआधी 42 पंचांसमोर एकेक पाप नाकारायचं असतं. पंचांची नावंसुद्धा ‘हाडं मोडणारा’, ‘सावल्या गिळणारा’ अशी. पापांमध्ये चोरी-खून आहेतच. पण मी वजनात काटा मारला नाही, पोरांच्या तोंडचं दूध तोडलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही, हेही आहे. पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटताना ज्यांनी बघितली आहेत, त्यांना या शेवटच्या पापाचं वजन वेगळं सांगायला नको.

पाताळ, म्हणजे दुआत, याचा नकाशा काढलेली पुस्तकंच होती. त्यातलं अमदुआत आज पूर्ण स्वरूपात सगळ्यात आधी दिसतं ते फेरो तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यात, लंबगोल दालनाच्या भिंतींवर. अंगावर दागिने नाहीत, रंगांची उधळण नाही, नुसती काडीमाणसं, जणू पपायरसची गुंडाळीच भिंतीवर उलगडली आहे. त्यात रात्रीचे बारा तास, बारा मुलूख. सूर्याची नाव चौथ्या तासाला वाळूत रुतते, तेव्हा नावच साप बनते आणि तोंडातल्या आगीने वाट उजळत दोरीने ओढली जाते. सहाव्या तासाला रा आणि ओसायरिसचा देह एक होतात. बाराव्या तासाला सगळी मंडळी एका प्रचंड सापाच्या शेपटीतून आत शिरतात म्हातारी, आणि तोंडातून बाहेर पडतात पोरं होऊन. मग शेणकिडा खेप्री सूर्याला वर ढकलतो.

आणि सातवा तास. अपोफिस हा राक्षसी साप पाण्यात आडवा पडून नदीचं पाणी पिऊन टाकतो, नाव कोरडी पडावी म्हणून. इथे ओसायरिसची बायको इसिस हिचे मंत्र कामी येतात आणि तिच्याबरोबर सेत या देवाचे. पुढच्या कितीतरी चित्रांत नावेच्या नाळेवर उभा राहून भाला मारणारा हाच सेत. ओसायरिसचा खुनी! सख्ख्या भावाचे तुकडे करणाऱ्याला पाताळाच्या नावेवर पहाऱ्याला ठेवणारा दुसरा धर्म मला तरी माहीत नाही. कोल्ह्यापासून सुरू झालेली खोड इथपर्यंत पोचली, एवढंच माझं म्हणणं. आता तुम्ही बोला.

खवचट_खारूताई

छान लिहिलंय. पण थॉथ म्हणजे चित्रगुप्त, ओसायरिस म्हणजे यम आणि अनुबिस म्हणजे यमाचं कुत्रं. कोणी कोणाचं ढापलं तेवढं सांगा, म्हणजे घरच्या ग्रुपवर फिरवायला बरं.

वाळूचं_घड्याळ

ताई, नका फिरवू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाचे दोन कुत्रे आहेत, चार डोळ्यांचे, सरमेची पिल्लं. मेलेल्याला तिथे सांगितलंय की त्यांना मागे टाकून चांगल्या वाटेने पुढे जा. अनुबिस उलट हात धरून आत नेतो. यम हा मरणाची वाट पहिल्यांदा शोधणारा, ओसायरिस हा खून झालेला राजा. चित्रगुप्त तर पुराणांतला, बराच नंतरचा. कारकून दोन्हीकडे आहे, कबूल. पण जिथे हिशेब तिथे कारकून असणारच, त्यासाठी उसनवारी लागत नाही.

गोठा

तुम्ही आपिसला विसरलात. मेम्फिसचा देवबैल. काळा, कपाळावर पांढरी खूण, शेपटीचे केस दुहेरी, जिभेखाली भुंग्यासारखी गाठ अशी लक्षणं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दिली आहेत. आमच्याकडे बैल घेताना अजूनही अंगावरचे भोवरे बघतात, त्यामुळे पुजारी देशभर गोऱ्हे धुंडाळत कसे फिरत असतील ते मी डोळ्यांपुढे आणू शकतो. एका वेळी आपिस एकच. तो मेला की 70 दिवस दुखवटा, माणसासारखी ममी आणि मेम्फिसजवळच्या सक्कारात भुयारी दफन. 1850मध्ये ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच उत्खननकाराला वाळूतून डोकं काढलेला एक स्फिंक्स दिसला, त्याला स्ट्राबोचं वर्णन आठवलं आणि पुढच्या वर्षी तो त्या भुयारात उतरला. आत एकेका बैलासाठी कित्येक टनांच्या अखंड दगडी पेट्या.

इ.स.पू. 30मध्ये इजिप्त जिंकल्यावर रोमच्या ऑक्टेव्हियनला आपिसच्या दर्शनाला चला म्हटलं, तर म्हणाला, मी देव पुजतो, गुरं नाही. हे वाचून मला त्याचाच राग आला होता.

पिंपळपान

गोठा, इजिप्त जिंकणाऱ्या इराणच्या कंबायसिस राजाबद्दलही लिहा की. हिरोडोटस म्हणतो त्याने आपिसच्या मांडीत खंजीर खुपसला. आणि त्या भुयारात सापडलेल्या लेखांत काय आहे, तर कंबायसिसने आपिससाठी दगडी पेटी अर्पण केली! हरलेल्यांनी जेत्याबद्दल पसरवलेल्या अफवा अडीच हजार वर्षं टिकतात.

जनावरांची_डॉक्टर

सुरेख धागा, पण मला यातली जनावरं बघितल्यावर देव दिसत नाहीत, केसपेपर दिसतात.

आधी कोल्हा. आफ्रिकेतल्या ज्या प्राण्याला आपण वर्षानुवर्षं सोनेरी कोल्हा म्हणत आलो, तो जनुकीय तपासणीत 2015मध्ये वेगळी जात निघाला, लांडग्याच्या जवळचा. म्हणजे अनुबिस बहुधा लांडग्याचा भाऊबंद. धाग्याच्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही, उकरतो तोही.

आता बबून. तुतनखामूनच्या दफनदालनाच्या पश्चिम भिंतीवर बारा बबून आहेत, ते अमदुआतच्या पहिल्या तासातले. पहाटे बबून उगवतीकडे तोंड करून आवाज करतात, म्हणून हे सूर्याचे भाट. थॉथचंही ते रूप. पण हा प्राणी इजिप्तचा नाही, दक्षिणेकडून, लाल समुद्राच्या अफ्रिकी बाजूने आणलेला. लक्झरसमोरच्या पश्चिम तीरावर गब्बानत एल-कुरुद इथे बबूनच्या ममी सापडल्या, त्यांच्या हाडांचा अभ्यास 2023मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांच्या हातापायांची हाडं वाकलेली. मुडदूस! पुरेसं ऊन मिळालं नाही की होतो तो. ज्याला सूर्याचा भाट म्हणून समुद्रावरून आणला, त्याला उंच भिंतींच्या आड अंधारात कोंडलं. दातांचीही वाट लागलेली. देव मानलं म्हणजे जनावराची आबाळ होत नाही असं समजू नका.

सक्काराच्या अनुबिस-भुयारात सुमारे 80 लाख कुत्री असावीत, असा अंदाज कार्डिफच्या संशोधकांनी 2015मध्ये मांडला. त्यातली कित्येक पिल्लं काही तासांची किंवा दिवसांची. मांजरांच्या एक्स-रेमध्ये मान मोडलेली दिसते. ही नैसर्गिक मरणं नव्हेत.

शंकेखोर

हेच विचारणार होतो. एकीकडे मांजर मेलं की घरातली माणसं भुवया भादरतात. दुसरीकडे त्याच मांजराच्या पिल्लाची मान मुरगाळून विकतात. यात तुमची ती राखणदाराची थिअरी कुठे बसते?

वाळूचं_घड्याळ

दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आपिससारखा एकच निवडलेला जीव: त्याच्यात देव वास करतो, त्याला मारायची टाप नाही. आणि नवसाचे जीव: हे देवाकडे पाठवायचे निरोपे. भाविक देवळाशी येतो, मांजरदेवी बास्तेतसाठी मांजर, थॉथसाठी आयबिस, अनुबिससाठी कुत्रं अशी ममी विकत घेतो, पुजारी वर्षाकाठी सगळ्या गोळा करून भुयारात नेऊन ठेवतात. त्यांच्या लेखी ते पिल्लू मेलंच नाही, ओसायरिस होऊन देवाच्या कानाशी गेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते यामुळे झाकलं जात नाही, पण त्यांना ते ढोंग वाटत नसणार.

घरचं मांजर मात्र वेगळं. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तमध्ये एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलेलं पाहिलंय. राजाचे अधिकारी मध्ये पडले, रोमची धास्ती होती, तरी जमावाने त्याला सोडलं नाही.

लिव्हरपूलकर

मांजरांचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावचं पाप सांगून टाकतो. 1888मध्ये बेनी हसनजवळ मांजरांच्या ममींचा खच सापडला. त्यातल्या अंदाजे 1,80,000 ममी, वजन 19 टनांच्या वर, 1890मध्ये लिव्हरपूल बंदरात उतरवल्या आणि लिलावात खत म्हणून विकल्या. लिलाव पुकारणाऱ्याने हातोड्याऐवजी ममीचंच डोकं आपटलं असं सांगतात. बास्तेतच्या कानाशी निघालेले निरोप इंग्लंडच्या शेतांत गेले.

खवचट_खारूताई

देवा! हे नाही फिरवणार ग्रुपवर.

पिंपळपान

शंकेखोर, तुम्हाला आवडेल असं एक प्रकरण आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात सक्कारात होर नावाचा एक माणूस आयबिसच्या देवस्थानात राहायचा. त्याने खापरांवर लिहिलेली टिपणं सापडली आहेत: स्वप्नं, अर्ज, तक्रारी. सुमारे 60,000 आयबिसच्या दाण्यापाण्याचा उल्लेख त्यात आहे. आणि तक्रार काय? तर पक्ष्यांच्या नावाचा पैसा मधल्यामध्ये गडप होतो आणि दफनातही गोलमाल चालतो. चौकशी बसली, अधिकारी आत गेले आणि नवा नियम निघाला: एका भांड्यात एक देव, म्हणजे एकच पक्षी. नियम करावा लागला यातच काय ते आलं.

मँचेस्टरच्या संशोधकांनी 800हून अधिक प्राणी-ममी स्कॅन केल्या, तर सुमारे एक तृतीयांश ममींमध्ये प्राण्याचा पत्ताच नाही. चिखल, काड्या, पिसं, अंड्याची कवचं.

जनावरांची_डॉक्टर

त्याला फसवणूक म्हणायला त्या संशोधकांचाच नकार आहे बरं. देवळाच्या आवारातलं पीस किंवा घरट्यातली काडीही पवित्रच, असं त्यांचं म्हणणं. कित्येक पोकळ ममींची बांधणी तर भरीव ममींपेक्षा सुबक आहे.

आणि होरचे 60,000 पक्षी खुराड्यातले नसावेत. आयबिसच्या ममींच्या जनुकांची तपासणी 2019मध्ये झाली, तर वैविध्य रानपक्ष्यांइतकंच निघालं. पिढ्यान् पिढ्या कोंडून वाढवले असते तर ते घटलं असतं. तळ्याकाठी दाणे टाकून जमवायचे आणि धरायचे, असं काहीसं असणार.

पिंपळपान

पीस पवित्र असेल हो, पण गिऱ्हाईकाला सांगून विकलं होतं का? होरने खापरं काही उगाच झिजवली नाहीत.

गोठा

पिंपळपानशी सहमत. बांधणी सुबक असली म्हणजे आत माल असतोच असं कुठल्या बाजारात असतं?

शंकेखोर

एक प्रश्न तराजूचा राहिला. काळीज जड निघालेला एकही माणूस चित्रात का दिसत नाही? सगळेच पास?

वाळूचं_घड्याळ

चित्राचे पैसे कोण देतंय ते बघा ना. मेलेल्याचा पपायरस त्याने स्वतः किंवा घरच्यांनी घेतलेला. तयार गुंडाळ्याही मिळायच्या, नावाची जागा मोकळी सोडलेल्या. गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. अनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस त्यातला सगळ्यात गाजलेला, त्यातही काही ठिकाणी नाव मागाहून वेगळ्या हाताने भरलेलं आहे. नापासाचा निकाल छापलेली प्रत कोण घेईल?

शिवाय आणखी एक तोड काढलेली होती. देह सुकवताना फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी बाहेर काढून बरण्यांत भरायचे. काळीज मात्र आतच ठेवायचे, कारण साक्ष त्याचीच व्हायची. म्हणून छातीवर दगडाचा शेणकिडा बांधायचा आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरायचा. मंत्राचा मतलब असा, की माझ्या काळजा, आईकडून मिळालेल्या काळजा, तिथे पंचांपुढे माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस, तराजू सांभाळणाऱ्यासमोर माझ्यावर उलटू नकोस.

शंकेखोर

म्हणजे साक्षीदार फोडायचा!

खवचट_खारूताई

आणि तोही आपल्याच पोटातला. हे फिरवते.